टग कोण घेतं?

"शरू, तू शील्ड घे," निमिष म्हणाला. "ते मोठं निळं जहाज आहे ना, ते. आमच्या पुढे उभं राहायचं आणि गोळ्या खायच्या. एवढंच काम. तुला जमेल."

मी हेडफोन नीट केला आणि पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या जहाजांकडे बघत राहिले. फायटर, स्काउट, शील्ड, मालवाहू. आणि अगदी शेवटी, कुणी ढुंकूनही बघत नाही अशा कोपऱ्यात, एक बुटकं, पिवळं, खेकड्यासारखं जहाज. टग. बंदरात मोठ्या बोटींना ओढून नेणारी छोटी बोट असते ना, तसं. बंदूक नाही, वेग नाही. पुढे एक आकडा आणि त्याला दोर, बस्स.

मी टगवर क्लिक केलं. 'नक्की? हा वर्ग सीझन संपेपर्यंत बदलता येणार नाही,' असं गेमने मला विचारलं. मी 'हो' दाबलं.

मग निमिष सुरू झाला. टग कोण घेतं, जगात आजपर्यंत कुणी टग घेतलाय का, आपण क्वालिफायर खेळायला चाललोय की जत्रेला, वगैरे. इराताईने त्याला थांबवलं आणि मला समजुतीच्या सुरात विचारलं की चुकून तर दाबलं गेलं नाही ना.

"नाही, मुद्दाम," मी म्हणाले.

"का पण?"

"रंग आवडला."

हे ऐकून निमिषचा जो काही आवाज आला तो मला लिहून दाखवता येणार नाही. मी वाट बघत होते ती तिसऱ्याच आवाजाची. तो आला, पण अगदी हळू आणि सपाट.

"घेऊ दे रे तिला," विशूदादा म्हणाला. "लिंबूटिंबू आहे ती."

आणि त्याने फायटर घेतलं, नेहमीसारखं.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे, शाळेच्या वादविवादात समोरच्याला बोलू देत नाही अशी माझी ख्याती आहे आणि माईक हातातून काढून घ्यावा लागतो. पण तेव्हा मी सातवीत होते आणि आमच्या भावंडांत सगळ्यात लहान. इराताई आणि निमिष ही मामाची मुलं, पिंपरीला. विश्वजीत, म्हणजे विशूदादा, कुंदामावशीचा, उदगीरचा. आणि मी बार्शीची. मे महिन्यात सगळे मामाकडे जमायचो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये डबा ऐसपैस खेळायचो. त्यात मी जन्मजात लिंबूटिंबू. मला पकडलं तरी माझ्यावर राज्य यायचं नाही. मी आऊट झाले तरी आऊट नाही. मी डबा उडवला तरी तो कुणी धरायचा नाही, हे मात्र फार लागायचं.

विशूदादा अकरावीला डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला होस्टेलवर गेला तेव्हा मे महिना संपला म्हणजे संपलाच. मग इराताईने 'गगनपार' शोधून काढला. चार जणांचा एक जथ्था, प्रत्येकाचं एक जहाज, दुसऱ्या जथ्थ्याशी लढाई. होस्टेलवर पोरांना मोबाइल मिळायचे फक्त रविवारी, दुपारी चार ते सव्वापाच. दादा आधी घरी फोन करायचा आणि मग आमच्यात यायचा. त्यामुळे रविवारी चार वाजले की मी बाबांचा लॅपटॉप उघडून बसायचे. गेममध्येही मी लिंबूटिंबूच. मला कुणी काम सांगायचं नाही.

काम नसलं की माणूस इकडेतिकडे बघतं. म्हणून ते फक्त मला दिसलं.

विशूदादा आधी लढताना अखंड बोलायचा. स्वतःच्याच जहाजाचं धावतं वर्णन करायचा, शत्रूला 'या पाव्हणं' म्हणून बोलवायचा. दिवाळीनंतर ते बंद झालं. लढाई सुरू झाली की तो सरळ शत्रूच्या घोळक्यात शिरायचा, सगळ्यात पहिला फुटायचा आणि उरलेला वेळ आवाज बंद करून नुसता बघत बसायचा. निमिष म्हणायचा, सवय मोडलीये त्याची. इराताई म्हणायची, अभ्यासाचं टेन्शन. पण मी त्याच्या मागेच रिकामी फिरत असायचे आणि मला दिसायचं की तो गोळ्या चुकवतच नाहीये. घोळक्यात शिरायच्या जरा आधी तो इंजिन बंद करायचा.

मी आईला सांगितलं. आईला गेममधलं काही कळलं नाही, पण 'विशू बोलत नाही' एवढं कळलं. तिने लगेच कुंदामावशीला फोन लावला. मावशीची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे तिच्याशी फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडून ओरडणं. अगं मजेत आहे, मावशी ओरडली, ए बॅचला आहे लेकरू, मान वर करायला वेळ नाही त्याला. त्या ए बॅचचं मावशीला इतकं कौतुक होतं की तिने गिरणीवर आलेल्या प्रत्येकाच्या हातावर, दळणाच्या डब्याबरोबर, पेढा ठेवला होता. आईने फोन ठेवला आणि मला विचारलं, "झालं समाधान?"

झालं नव्हतं. मी दादाला मेसेज केले. रविवारी त्यांच्यावर एक अंगठा यायचा. फक्त अंगठा. आणि चौघांच्या गप्पांत विचारायची सोय नव्हती, कारण तिथे निमिष होता, आणि निमिष असताना दुसऱ्या कुणाचं वाक्य पूर्ण होत नाही.

तर क्वालिफायर. हरलो तर सीझनच्या बाहेर, आणि दादा आधीच म्हणून गेला होता की यातून बाहेर पडलो तर मी काही परत रविवारचा येत नाही, तुमचं तुम्ही खेळा. त्याने ते इतक्या सहज सांगितलं की बाकी दोघांना ती धमकी वाटली, जिंकायला लावण्यासाठी केलेली. मला तसं वाटलं नाही.

लढाई सुरू झाली. एका बाजूला उल्कांचे मोठे मोठे दगड तरंगत होते, दुसऱ्या बाजूला शत्रूची चार जहाजं. इराताई स्काउट घेऊन पुढे गेली, निमिष तिच्या मागे, आणि विशूदादा नेहमीसारखा सरळ मधोमध. मी माझा पिवळा खेकडा घेऊन त्याच्या मागे सुटले. टग इतका हळू असतो की सांगू नका. मी सगळ्या दिव्यांची, शीतयंत्राची, असेल नसेल ती ताकद इंजिनाला दिली आणि दात आवळून बसले. तो घोळक्याजवळ पोचला. त्याच्या जहाजामागची निळी ज्योत विझली.

मी आकडा फेकला. लागला.

आणि मी त्याला मागे ओढायला लागले. दोर लागलेल्या जहाजाला स्वतःहून हलता येत नाही. आमचं एकमेव नावाजलेलं फायटर सगळ्यांदेखत उलटं उलटं मागे सरकत होतं. निमिष किंचाळत होता की ही काय करतेय, हिला कुणीतरी थांबवा. मग त्याचा आवाज मध्येच बंद झाला. इराताईचाही. गेमच्या मदत-पानावर, जे कुणी वाचत नाही, तिथे एक ओळ आहे. टगचा दोर लागला की त्या दोन जहाजांची बोलायची वेगळी लाइन सुरू होते, आणि ती दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही.

टग मी एवढ्यासाठी घेतला होता. रंग मला अजिबात आवडत नाही.

"शरू, दोर सोड," विशूदादा म्हणाला.

"नाही."

"सोड म्हणतो ना. मला जायचंय पुढे."

"तू लढायला जात नाहीस. तू इंजिन बंद करतोस. मी बघितलंय."

मी ओढत राहिले. एक मोठा दगड होता, त्याच्या आड जायचं एवढंच मला सुचत होतं.

"मरू दे ना मग," तो म्हणाला. "काय फरक पडतो कुणाला."

मेलो, मेली, मार त्याला, मरू दे, हे शब्द आम्ही दर रविवारी इतक्यांदा बोलायचो की त्यांना काही अर्थच उरला नव्हता. पण हे वाक्य गेममधलं नव्हतं. मी आरशासमोर उभं राहून एक छान वाक्य पाठ केलं होतं, 'दादा, तुला कसला त्रास होतोय का, तू मला मोकळेपणाने सांग', असं काहीतरी बाईंसारखं. ते पार उडून गेलं.

"मेसला आज काय होतं?" मी विचारलं.

"काय?"

"जेवायला. आज रविवार ना. काय केलं होतं?"

"माहीत नाही. गेलो नव्हतो."

"काल?"

फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे होस्टेलची पोरं आपापल्या घरी फोनवर बोलत होती ते. मग त्याने सांगितलं. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत. दर परीक्षेनंतर तिथे बॅच बदलतात. तो दिवाळीत ए मधून बी मध्ये आला, मग सी मध्ये. सी ही शेवटची. ए बॅचची पोरं आता जिन्यात भेटली तरी बोलत नाहीत. घरी त्याने सांगितलंच नाही. आधी वाटलं पुढच्या परीक्षेत परत वर जाऊ, मग सांगू. मग ते राहूनच गेलं.

"अख्ख्या उदगीरनं पेढे खाल्लेत, शरू," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडानं जाऊ तिकडं? मी आऊट झालोय."

बारा वर्षांच्या मुलीला अशा वेळी काय सुचणार? मला जे एकच शास्त्र येत होतं ते मी सांगितलं.

"मग लिंबूटिंबू हो."

"हं?"

"आऊट झालं तरी खेळायचं. मला इतक्या वेळा पकडलंय तुम्ही, कुणी कधी घरी पाठवलं का? राज्य येत नाही, काही नाही. मी सांगते तुला, फार बरं असतं. कुणी बघत नाही आपल्याकडे. हवं तिथं फिरता येतं."

तिकडून एक आवाज आला. हसल्याचा होता की रडल्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

"आईला कसं सांगू?" मग त्याने विचारलं. "दर रविवारी ठरवतो. फोन लागतो, ती गिरणीतून ओरडते, कसा आहेस, आणि मी ओरडतो, मजेत. मग ठेवतो."

"तू नको लावूस. मी लावते."

"शरू, नको."

पण मी तोपर्यंत उठले होते. आई आतल्या खोलीत झोपली होती, तिचा मोबाइल चार्जिंगला होता. तो ओढून आणला, कुंदामावशीचा नंबर लावला, हेडफोन उपसून टाकला आणि मोबाइल स्पीकरवर करून लॅपटॉपला चिकटवून धरला.

पडद्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. शत्रूच्या दोन जहाजांनी आम्हाला पाहिलं होतं. एक बंद पडलेलं फायटर आणि त्याला बांधलेला बिनबंदुकीचा टग, याहून सोपी शिकार कुठे मिळणार? आणि टग फुटला की दोर तुटणार, दोर तुटला की लाइन बंद. तसं झालं तर दादा फोन बंद करून टाकेल, आणि पुढचा रविवार त्याने आधीच नको म्हटलेला होता. मी एका हाताने चौघांच्या लाइनचं बटण दाबलं.

"ताई, आमच्याकडे कुणाला येऊ देऊ नकोस," मी म्हणाले. "जिंकू नकोस. फक्त येऊ देऊ नकोस."

"आता लिंबूटिंबू ऑर्डरी सोडणार का?" निमिष म्हणाला.

"निमिष, गप," इराताई म्हणाली. "वळव जहाज."

तिने 'का' असं विचारलं नाही. माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, पण तिने विचारलं नाही. दोघं वळले आणि आमच्या दगडासमोर येऊन उभे राहिले. माझ्या आयुष्यात माझं ऐकून कुणी काही केल्याची ती पहिली वेळ.

मावशीने फोन उचलला. गिरणीचा घरघराट असा आला की माझा लॅपटॉप थरथरला.

"कोण? शरू? आई कुठंय तुझी?"

"मावशी, विशूदादाला तुझ्याशी बोलायचंय."

"कुणाला?"

"विशूदादाला."

"आई," दादा म्हणाला. अगदी हळू.

एवढ्या आवाजात तो तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण गिरणी थांबली. तो पट्टा फडफडत, मंद होत, मग थांबतो तसा आवाज आला, आणि नंतर एकदम सगळं शांत. रविवार म्हणजे मावशीच्या गिरणीचा सगळ्यात गर्दीचा दिवस, त्या दिवशी ती जेवायलाही गिरणी बंद करत नाही. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, आमची ज्वारी अर्धी राहिली की." मावशी म्हणाली, "बसा जरा." मग म्हणाली, "बोल रे लेकरा."

तो बोलला. सगळं बोलला, बॅच, परीक्षा, मेसला न जाणं, झोप न येणं, आणि मला म्हणाला होता तेही. मी ऐकत होते आणि ऐकायचं नव्हतं, म्हणून डोळे पडद्यावर खिळवून ठेवले. निमिष फुटला. जाता जाता, हे सगळं माझ्यामुळे झालं असं पडद्यावर लिहून गेला. इराताई एकटी दोघांशी लढत होती. एक गोळा माझ्या टगला लागला आणि पडदा लाल झाला. मी दादाला दगडाच्या अजून आत ओढलं.

मावशीने विचारलं, "आवाज असा का येतोय तुझा? कुठून बोलतोयस?"

"गेममधून."

"कशातून?"

"आई, शरूनं मला दोरानं बांधून ठेवलंय."

मला वाटलं आता ती ओरडणार. गेम खेळतोय म्हणून, खोटं बोलला म्हणून, पेढे फुकट गेले म्हणून.

"शरू," मावशी म्हणाली.

"हां मावशी."

"सोडू नकोस त्याला. मी निघाले."

आणि मागे कुणाला तरी सांगताना ऐकू आली, डबे इथंच ठेवा, उद्या देते दळून, मला लातूरची गाडी गाठायचीय.

आम्ही हरलो. इराताई शेवटपर्यंत टिकली, पण वेळ संपला आणि गुण त्यांचे जास्त. लढाई संपली की दोर आपोआप सुटतो, त्याला मी काही करू शकत नव्हते. सुटायच्या आधी मी दादाकडून वदवून घेतलं की तो खोलीत जाणार नाही. मेसमध्ये बसेन, तो म्हणाला, तिथं चहाला सगळे असतात. थोड्या वेळाने मावशीचा एसटी स्टँडवरून फोन आला, तिने होस्टेलच्या रेक्टरना कळवलं होतं आणि ते खाली येऊन त्याच्याजवळ बसणार होते.

इराताईने नंतर फोन करून एवढंच विचारलं, "विशू ठीक आहे?" मी म्हणाले, "मावशी निघालीये." ती म्हणाली, "बरं. मग हरलो ते चालेल."

आई उठली तेव्हा मी तिच्या मोबाइलकडे बघत बसले होते. मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडली नाही, नुसती माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. उदगीर ते लातूर काही फार लांब नाही. पण त्या दिवशी ती गाडी प्रत्येक गावाला थांबत असणार. दिवे लागले. समोरच्या ओट्यावर भजनाच्या बायका जमल्या आणि उठूनही गेल्या. आईने दोनदा मोबाइल उचलला आणि दोनदा ठेवला. गाडीत असेल, ती स्वतःशीच म्हणाली.

मग फोन वाजला. आईने तो अर्ध्यातच उचलला.

"पोचले," मावशी म्हणाली.

"आणि विशू?"

"आहे. समोर बसलाय." मावशीचा आवाज बिनगिरणीचा, म्हणजे एकदम लहान, अनोळखी वाटत होता. "पिठाच्या साडीतच आले मी, गिरणीतला माझा जेवणाचा डबा तेवढा उचलून. सगळी पोरं बघायला लागली, तर हा सांगतोय त्यांना, आई आहे माझी, गिरणी आहे आमची. उद्या घरी नेते त्याला चार दिवस. डॉक्टरकडे जाऊ, मग बघू पुढचं. क्लासचं काय ते तोच ठरवेल."

मागून दादाचा आवाज आला, काहीतरी मागत होता, चटणी वगैरे. मावशी म्हणाली, थांब, देते. आणि फोन तसाच चालू ठेवून ती त्याला वाढायला लागली. आम्ही दोघी डब्याची झाकणं उघडल्याचे आवाज ऐकत राहिलो.

फोन बंद झाला आणि मला अशी भूक लागली की काय सांगू. दुपारपासून मी काही खाल्लंच नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं. मी स्वयंपाकघरात धावले, सकाळच्या गार पोळीवर शेंगाची चटणी घेतली, वर तेल ओतलं आणि गुंडाळी करून उभ्याउभ्याच खायला लागले. एरवी उभ्याने खाल्लं की आई लगेच पाट दाखवते. त्या दिवशी ती माझ्या मागोमाग आली, ओट्याला टेकली, डब्यातली दुसरी पोळी काढली आणि तिनेही तशीच गुंडाळी केली.

"चटणी सरकव इकडे," ती म्हणाली.